येसूआत्याचा आवाज आणि दामूकाकांची गाडी

येसूआत्या गेल्याची बातमी मला तिच्या धाकट्या दिरानं, दामूकाकांनी फोनवर दिली, आणि ती देऊन होते न होते तोच विचारलं, "ती कॅसेट तुझ्याकडंच हाय ना अजून?" दुपारची वेळ होती. बोईसरच्या आमच्या दुकानात मी एका ट्रकच्या वायरिंगचे जोड सोल्डर करत बसले होते आणि रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यात धरला होता. "वैनी गेली. सकाळी चहा घेतला, आडवी झाली, ती उठलीच नाय," एवढं सांगून काकांनी नाक ओढलं, मला वाटलं, रडतात की काय. मग कॅसेटचं निघालं. मी म्हटलं, "आहे. येते मी," आणि फोन ठेवला. हातातला जोड पुरा केला, कारण ट्रकवाला सकाळपासून खोळंबला होता आणि त्याची काही चूक नव्हती. मग शटर ओढलं आणि निघाले.

त्याला आता पाच आठवडे होतील. मधल्या काळात तिच्याबद्दल बरंच बोललं गेलं. तेराव्याला दामूकाका उभे राहून म्हणाले, "वैनी म्हणजे माऊली होती. कुणाचं मनात ठेवलं नाय तिनं." मांडवातल्या बायांनी एकमेकींकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावले; रडू लपवायला नव्हे. येसूआत्यानं सगळ्यांचं सगळं मनात ठेवलं होतं. अगदी नीट, घडी घालून ठेवलं होतं आणि ज्याचं त्याला वेळेवर परत केलं होतं. मेल्यावर तिला गोड करून टाकायचा जो उद्योग चालू आहे तो मला पसंत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

येसूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तारापूरच्या बाजूला किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात दिली होती. आमच्या गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती, त्यामुळे पुढची माझी सगळी शाळा तिच्या घरी राहून झाली. मी गेले तेव्हा तिचा नवरा, आमचे पांडूमामा, होते. वर्षभरात ते तापानं गेले. मूलबाळ नव्हतं. होड्या, घर, मासळी सुकत घालायची जागा, सगळं मामांच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे दामूकाकांकडे आलं. आत्याला मागची पडवी मिळाली. कुणी हाकललं नाही, कुणी मारलं नाही. फक्त पुढच्या दारानं जायची तिची सवय हळूहळू मोडली गेली. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा दामूकाका शेंबडे होते, त्यांना तिनंच आंघोळी घातलेल्या. ते शेठ झाले, ती 'मागची वैनी' झाली.

पण वर्षातून काही दिवस असे यायचे की तिच्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. ती धवलारीण होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्याकडच्या लग्नांत भटजी येतो आणि त्याचं काम करून जातो, पण लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. हळदीपासून सून घरात येईपर्यंत प्रत्येक विधीचा धवळा असतो, तो ती गाते. आमच्याकडे धवलारीण विधवा असली तरी कुणी अडवत नाही. एरवी मागे उभी राहणारी बाई तेवढे दिवस सगळ्यांच्या पुढे असते. येसूआत्याला हे तिच्या सासूनं शिकवलं, म्हणजे दामूकाकांच्या आईनं. स्वतःच्या लेकींना नाही शिकवलं. "त्यांना चाल येते, माणसं येत नाय," असं म्हातारी म्हणायची.

त्याचा अर्थ मला नंतर कळला. धवळ्यात माणसांची नावं घ्यायची असतात. नवरा, नवरी, त्यांचे आईबाप, मामा, काका, आत्या, गेलेली माणसं... प्रत्येक लग्नाची नावं वेगळी, ती त्या-त्या जागी बसवायची. आणि ज्या क्रमानं नावं येतात तो मानाचा क्रम. येसूआत्याच्या हातात एवढंच हत्यार होतं आणि ते तिनं कधी गंजू दिलं नाही. एका मामानं तिला उन्हातून आल्यावर पाण्याला विचारलं नाही, तर त्याचं नाव तिनं सगळ्या भाच्यांच्या खाली घेतलं. एक जाऊ तिला 'पांढऱ्या कपाळाची' म्हणाली होती; तिच्या लेकाच्या लग्नात आत्यानं जावेचं नाव घेताना प्रत्येक वेळी खोकला काढला. बायका ऐकत असत आणि त्यांना सगळं कळत असे. पुरुष मांडवाबाहेर विड्या ओढत असत. त्यांना ते रडगाण्यासारखं काहीतरी वाटायचं.

आता गाडीचं. दामूकाकांनी सत्तर सालानंतर कधीतरी डहाणूकडच्या एका पारशी बागायतदाराकडून एक जुनी विलायती मोटार घेतली. काळी कुळकुळीत, पोटाला फुगलेली, मागे निमुळती. पहिल्यांदा ती वाड्यात आली तेव्हा मासे निवडत बसलेल्या बायांनी एकदा बघितलं आणि तिचं नाव हलवा पडलं. पापलेटाचा काळा भाऊ असतो ना, तो हलवा. काकांना हे नाव आवडलं नाही, पण पुढे सगळी पंचक्रोशी लग्नासाठी 'हलवा पाठवा' म्हणू लागली तेव्हा त्यांनी ते पचवलं. गाडी ते रोज सकाळी स्वतः पुसायचे. आत बसताना चपला काढायचे. आत्याचा हात एकदा वजनाच्या टोपलीखाली सापडून चिरडला, बोईसरला डॉक्टरकडे न्यायचं होतं, तर म्हणाले, "वैनी, रिक्षानं जा ना. गाडीला म्हावऱ्याचा वास लागंल." ज्यांच्या मासळीच्या चार होड्या होत्या त्यांनी हे म्हणावं. आत्या हाताला फडकं बांधून रिक्षाच्या वाटेला लागली, मी बरोबर होते. मी समजले की हे घडी घालून ठेवलं गेलं.

माझं लग्न ठरलं ते बोईसरच्या रमेशशी. मी तेव्हा औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सोल्डरिंगला होते आणि त्याचं स्टेशनजवळ गाड्यांच्या वायरिंगचं छोटं दुकान होतं. दोघांच्याही बोटांना भाजल्याचे डाग होते, त्यावरून ओळख झाली. लग्नात धवळे अर्थात येसूआत्याचे. रमेशचा एक मित्र आखातातून टेपरेकॉर्डर घेऊन आला होता, त्यानं तो तिच्यासमोर मांडला. ती म्हणाली, "ह्यात मना कोंडतोस काय रं?" पण गायली, आणि सगळी नावं घेतली. सुमन, रमेश, आमचे आईबाप, आमचे गेलेले आजोबा, आणि तिच्या सासरचं एक-एक माणूस. ती कॅसेट माझ्याकडे राहिली. एकच प्रत.

पाच-सहा वर्षांनी दामूकाकांच्या अशोकचं लग्न निघालं. मुलगी उमरोळीकडची, मीनाक्षी. घरात पहिलंच कार्य, म्हणून काकांनी गाडीला नवा स्टिरिओ आणला. मुंबईहून आणलेला, पुढे चकचकीत बटणं, मागे ठेवायला दोन स्पीकर. तो बसवायला हलवा आमच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला आणि अर्धं बोईसर बघायला जमलं. पाळी सुटलेले कामगार थांबून विचारायचे, "चाचा, ये चलती भी है?" काका म्हणायचे, "चालत नाय, तर हितं उडत आली काय?"

काम सोपं नव्हतं. त्या गाडीचा डॅशबोर्ड जुन्या पद्धतीचा, घडीव पत्र्याचा, एका अखंड तुकड्याचा. रमेश म्हणाला, "काका, याला कापू नका. असला परत मिळणार नाही. आपण टेप खाली लटकवू, पट्टीवर." काका म्हणाले, "लटकवायला ती काय शिंकाळी हाय? काप." रमेशनं माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले, त्यानं कापला. दुसरी अडचण बॅटरीची होती. हल्लीच्या गाड्यांत बॅटरीची वजा बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. त्या जुन्या गाडीत उलटं, अधिक बाजू पत्र्याला. नवा टेप आपला हल्लीच्या गाड्यांसाठी बनवलेला. म्हणजे त्याचं कवच गाडीच्या पत्र्याला कुठेही टेकता कामा नये. टेकलं की धूर. मी सागाची चौकट करून घेतली, तिला ट्यूबच्या रबराचं अस्तर लावलं, टेप त्यात बसवला आणि चौकट आखूड स्क्रूंनी पत्र्यावर कसली. तारा उलट्या करून जोडल्या. स्पीकरच्या तारा कापडी पट्टीत गुंडाळून गालिच्याखालून नेल्या. काम चांगलं झालं होतं, अजूनही म्हणते. वाजवून बघायला काका म्हणाले, "वैनीची ती कॅसेट दे ना, तुझ्या लग्नाची. तिचा आवाज कसा येतो बघू." मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या आवाजाचं नाव पहिल्यांदाच काढलं होतं. मी घरून आणून दिली. त्यांनी सुरुवातीचं थोडंसं, गणपतीला बोलावणं करण्याचा भाग, ऐकला, मान डोलावली आणि म्हणाले, "राहू दे माझ्याकडं लग्नापर्यंत." मी दिली.

चार दिवसांनी मी आत्याकडे गेले तेव्हा ती मागच्या अंगणात बोंबील वळवत होती. वलांडीच्या बांबूंवर जोडीजोडीनं टांगलेले बोंबील ती उलटे करत होती आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सुमन, मना या लग्नाला मागं बसायचा हाय."

"म्हणजे?"

"दामू बोलला. पोरीकडचे लोक शिकलेले हायत, मुंबईचे पावणे येणार. विधवा बाई पुढं नको. 'तुझा आवाज हाय ना आमच्याकडं, वैनी, गाडीत. तू आरामात बस.'"

मी ओट्यावर बसले. तिच्याच आवाजानं तिला मांडवाबाहेर काढलं होतं आणि तो आवाज काकांच्या हातात मी दिला होता, माझ्या लग्नाचा. मी विचारलं, "तू काय म्हणालीस?"

"सांगितला त्याला. घरात सगळ्यांसमोर सांगितला. दामू, तो धवळा सुमनच्या लग्नाचा हाय, अशोकच्या नाय. तर हसला. 'वैनी, गाना तो गाना. शब्द कोण ऐकतो?'"

मला राग येतो तेव्हा मी ओरडत नाही, मला उपाय सुचतात. मी म्हटलं, "आत्या, त्या टेपच्या चौकटीत मी आखूड स्क्रू लावलेत. एक लांब लावला, लाकडातून आरपार, की टेपचं कवच पत्र्याला टेकेल. बटण दाबलं की धूर. गाडी पुसायच्या निमित्तानं जाते, काम पाच मिनिटांचं."

तिनं बोंबील सोडून माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. तिला मोह झाला होता, मी बघितला. मग म्हणाली, "नको. जाळलास तर तो दुसरा आणील. आणि बोलंल, येसूनं जळून नजर लावली." तिनं हात पदराला पुसले. "वाजू दे."

"अगं, वाजू दे काय..."

"तुझ्या लग्नात तू धवळा ऐकलास का मुंडावळ्यांत झोपलीस? तुझा नाव कुठं येतो, ठाऊक हाय ना?"

मला ठाऊक होतं. मी ओट्यावर बसून हसायला लागले, आणि ती परत बोंबलांकडे वळली. "मी त्याला एकदा सांगितला," ती म्हणाली. "परत सांगायचा नाय. तू पण नाय."

मी शब्द पाळला.

लग्नाच्या दिवशी हलवा झेंडूनं मढवून उमरोळीला गेला. आत्या घरीच राहिली, डोकं दुखतं म्हणून. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी, रमेश आणि आमची दोन वर्षांची पोर वऱ्हाडाच्या टेम्पोतून गेलो. नवरीच्या मांडवाच्या दारात गाडी उभी केली, चारही दारं उघडली, काकांनी नवा सफारी सावरत बटण दाबलं. आवाज, खरं सांगते, सुरेख आला. एकदम मोकळा. बाया गप्प झाल्या. नवरीची आजी त्यांच्याकडची धवलारीण होती, ती मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. येसूआत्याचा आवाज ओळखून तिनं मान हलवली. बोलावणं झालं, कुळांची नावं झाली, दामूकाका पाहुण्यांना स्पीकर दाखवत होते... आणि मग नवरी आली. धवळ्यात. हळद लागली ती सुमनला. मांडव पडला तो रमेशच्या दारी. सुमनच्या आईचं नाव, रमेशच्या बापाचं नाव, सगळं खणखणीत, दोन स्पीकरांतून.

बायांची सगळी मुंडकी एकदम माझ्याकडे फिरली. मी कडेवर पोर घेऊन उभी होते. रमेशच्या मित्रांपैकी कुणीतरी म्हणालं, "रम्या, दुसऱ्यांदा पण तीच? बदलायचा चान्स होता रे." हशा पिकला, पण तो पुरुषांच्या बाजूलाच. आजी हसली नाही. ती खांबाला धरून उठली आणि म्हणाली, "थांबवा तो."

काकांना काय झालं ते कळलंच नव्हतं. "काय झाला? आवाज मोठा होतो काय?"

"शेठ, ही सुमन कोण?"

"सुमन? ही काय, आमची सुमन. का?"

"मग हिचा लगीन लागला आता आमच्या दारी. आमच्या मीनाक्षीचा नाव नाय आला."

काकांनी बटण दाबलं, टेप थांबला. ते म्हणाले, "आजी, तो नुसता गाना हाय..." त्यावर म्हातारी जे बोलली ते मी विसरणार नाही. शांतपणे बोलली. "गाना असता तर मी पण ऐकला असता. तुमच्या घरची धवलारीण जिवंत हाय ना? मग तिला आणा. माझ्या बाजूचा मी गायला. तुमच्या बाजूचा मी गाणार नाय. तोवर पोर आत बसंल."

भटजींनी घड्याळ बघितलं. मुंबईचे शिकलेले पाहुणे, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ते म्हणाले, आणा ना मग, आम्हालाही ऐकायचंय. दामूकाकांचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी नंतर कधी बघितला नाही, आणि बघायला मिळाला म्हणून मी आजही समाधानी आहे.

त्यांनी गाडी काढली. मी आपणहून पुढे जाऊन शेजारी बसले, पोर रमेशकडे दिली आणि त्याच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर घेतला. तो लग्नालाही खिशात असतो. सबंध वाटेत काका एकच वाक्य बोलले, "तुला ठाऊक होता." मी म्हटलं, "तिनं तुम्हाला सांगितलं होतं, काका."

येसूआत्या अंगणातच होती. डोकंबिकं काही दुखत नव्हतं. तिनं गाडी येताना बघितली आणि हातातली टोपली भरेपर्यंत ती उठली नाही. काका फाटकापाशी उभे राहिले. सफारीच्या पायांना वाळू लागत होती. "वैनी, चल. लोक खोळंबलेत."

"मना मागं बसायचा होता ना?"

"वैनी, चुकला माझा. चल."

"आधी तो डबडा काढ गाडीतून. एका गाडीत दोन येसू कशाला?"

काका माझ्याकडे वळले. मी लग्नातल्या जरीच्या साडीत, गुडघे मुडपून, डॅशबोर्डाखाली घुसले आणि आखूड स्क्रू एक-एक करून सोडवले. तारा कापल्या नाहीत, सोडवल्या. कापायला जीव होत नाही मला. टेप चौकटीसकट काढून आत्याच्या पडवीत नेऊन ठेवला, कॅसेट आतच होती. डॅशबोर्डात एवढं मोठं चौकोनी भोक, आतल्या रंगीत तारा बाहेर लोंबत होत्या. आत्यानं लुगडं बदललं, डोक्यावरून पदर घेतला, पण हात धुतले नाहीत. मी बघत होते. बोंबलाचे हात घेऊन ती गाडीपाशी आली, चपला घालून पुढच्या सीटवर बसली, आणि ते हात तिनं दोन्ही बाजूंनी गादीवर नीट टेकवले. मी मागे बसले. काचा बंद होत्या. काकांनी त्या उघडल्या नाहीत, तेवढी अक्कल त्यांना होती.

उमरोळीला पोचल्यावर आजीनं उठून तिला स्वतःशेजारी बसवलं. ती गायली. अशोक आला, मीनाक्षी आली, मीनाक्षीच्या आईबापांना मान मिळाला, मामांना मिळाला. दामूकाका पहिल्यांदाच मांडवाच्या आत, खांबाला धरून, पुरुषांतून वेगळे उभे राहून ऐकत होते. प्रत्येक शब्द. नवऱ्याच्या बापाची जागा आली. तिथे ती थांबली, श्वास घेतला, आणि पांडुरंगाचं नाव घेतलं. तिच्या नवऱ्याचं, घरातल्या थोरल्याचं. तिथून पुढे अशोकची आई, आत्या, चुलते, सगळे आले... होडी चालवणारा तांडेलही आला. दामूकाकांचं नाव आलं नाही. धवळा संपला, नारळ वाढवला गेला, लग्न लागलं. सगळ्या बायांना कळलं होतं. आणि या खेपेला एका पुरुषालाही.

त्यानंतर आत्याला पुढच्या दारानं जायला कुणी अडवलं नाही. काकांनी हाताचं, पायाचं, डोळ्यांचं सगळं दुखणं गाडीतून दवाखान्यात नेऊन बघितलं. घरात आणखी लग्नं झाली. प्रत्येक लग्नात काका आत येऊन खांबाला धरून उभे राहायचे, प्रत्येक लग्नात त्यांच्या जागी पांडूमामा यायचे. हे दोन तपं चाललं. गेल्या दिवाळीत मी तिला भेटले ती शेवटचीच. ती खाटेवर होती, आवाज खोल गेला होता. मी म्हटलं, "आत्या, आता म्हातारे झालेत ते. एकदा घे की त्यांचं नाव."

ती म्हणाली, "अजून उभा राहून ऐकतो ना?"

"ऐकतात."

"मग राहू दे. नाव घेतला की ऐकायचा सोडंल."

तेरावं झाल्यावर दामूकाका दुकानात आले. रिक्षातून आले, गाडी आता फाटकाबाहेर निघत नाही. उन्हातून आल्यामुळे मी पाणी दिलं. तेवढं आत्याकडून शिकले आहे. ते म्हणाले, नातीचं लग्न ठरलंय, गावात आता धवलारीण उरली नाही, कॅसेट दे. मी म्हटलं, "काका, त्यात नवरी मीच आहे. कितीही वेळा लावलीत तरी लग्न माझंच लागणार."

मग ते खरं बोलले. खाली बघत, पोरासारखं. "लग्नाला नको. मना पायजे. त्यात माझा नाव हाय, बोलतात."

आहे. माझ्या लग्नात तिनं सासरच्या माणसांत त्यांचं नाव घेतलं होतं. ते गाडीतल्या वासाच्या प्रसंगानंतरचं, त्यामुळे सगळ्यात शेवटी आहे, मुलाबाळांच्याही खाली, कॅसेट संपता संपता. उमरोळीला तिथवर पोचायच्या आतच त्यांनी बटण दाबलं होतं. तिच्या तोंडून त्यांचं नाव या जगात आता तेवढ्या एका जागी आहे. मी म्हटलं, विचार करून सांगते. ते पाण्याचा पेला खाली ठेवून गेले.

विचार केला. हा लेख छापायला देताना माणसांची नावं बदलू का, असं मला विचारलं गेलं. मी नको म्हटलं. काकांना छापलेलं नाव आवडेल. पण हे माझ्या हातचं आहे, ते जे मागतात ते वेगळं.

त्यांची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. अशोकनं ती परत काळी करून घेतली, गाद्या नव्या केल्या, पण डॅशबोर्डातलं भोक कुणालाच बुजवता आलं नाही. तसा पत्रा मिळत नाही, रमेशनं सांगितलंच होतं. आणि त्या भोकात जे बसायचं ते आत्यानं पडवीतून मलाच देऊन टाकलं, ते माझ्या दुकानात आहे, मागच्या फळीवर, त्याच सागाच्या चौकटीत. एक जुनी बॅटरी मी त्याला जोडून ठेवली आहे. आठवड्यातून एकदा सुरू करते, नाहीतर आतला रबरी पट्टा चिकटतो. ट्रकवाले विचारतात, "भाभी, ये कौन गा रही है?" मी सांगते, माझी आत्या.

तर दामूकाका, कॅसेट मिळणार नाही. ऐकायला मात्र केव्हाही या. सुरुवातीपासून लावीन, मधे थांबवणार नाही, पुढे पळवणार नाही. तुमचं नाव शेवटी आहे. दुकानात स्टूल एकच आहे, आणि त्यावर मी बसते.